पाच हजारांत डॅशकॅम बसतो का? (वॅगनआर, पुणे)

घाटवाट
नमस्कार मंडळी. दोन-तीन वर्षं नुसताच वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय. सांभाळून घ्या.

मागच्या गुरुवारी कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरत होतो. त्या उताराबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. मी डावीकडच्या लेनमध्ये येऊन सरळ चाललो होतो, वेग जेमतेम चाळीस. मागून एक छोटा टेम्पो आला आणि माझा उजवा आरसा नि पुढचा दरवाजा सोलून पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर खाली उतरला आणि पहिलं वाक्य काय, तर "दिसत नाही का?" दोन मिनिटांत आठ-दहा माणसं गोळा झाली. धडक एकानेही पाहिली नव्हती, मत मात्र सगळ्यांचं तयार होतं. वर्दीवर पोचायची घाई होती, मुलगी मागच्या सीटवर रडायला लागली होती. शेवटी त्याच्या फुटलेल्या लाइटचे सातशे रुपये मीच दिले. माझ्या दरवाज्याचं डेंटिंग-पेंटिंग वेगळं.

तर आता डॅशकॅम घ्यायचाच. गाडी २०१६ ची वॅगनआर. बजेट पाच हजार, सगळं धरून. दुकानदार म्हणतो फोर-के घ्या, मित्र म्हणतो पुढे-मागे दोन्हीकडे लाव, बायको म्हणते आधी दरवाजा दुरुस्त कर. डोकं चालेनासं झालंय.

(वर्दी म्हणजे रिक्षाची ठरलेली फेरी. ती नव्हती, शाळेचं संमेलन होतं. सवयीने लिहून गेलो, वडील रिक्षा चालवायचे.)

रिव्हर्स_गिअर
पाच हजारांत मेमरी कार्ड धरलंय का? बरेच लोक कॅमेऱ्यावर पाच हजार घालतात आणि मग फोनमधलं जुनं कार्ड काढून त्यात खुपसतात. तिथेच सगळं बिघडतं. बाकी जाणकार सांगतीलच.

टेम्पोवाला_नाही
वाचनखूण साठवली. मलाही घ्यायचाय.

खटपट्या
घाटवाट, थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात माझे स्वतःचे दोन कॅमेरे वाया गेलेत.

पहिलं, फोर-के विसरा. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. म्हणजे आतला सेन्सर निदान आठ मेगापिक्सेलचा हवा. तीन-चार हजारांच्या कित्येक खोक्यांवर फोर-के छापलेलं असतं आणि आत दोन मेगापिक्सेलचा सेन्सर असतो. मग आतलं सॉफ्टवेअर चित्र ताणून मोठं करतं. फाइल मोठी होते, कार्ड लवकर भरतं आणि नंबरप्लेट होती तेवढीच धूसर राहते. म्हणून खोक्यावरचं रिझोल्यूशन वाचू नका, सेन्सरचं नाव विचारा. सोनीचा आयएमएक्स ३०७ हा दोन मेगापिक्सेलचा, म्हणजे प्रामाणिक १०८०पी (फुल एचडी). आयएमएक्स ३३५ पाच मेगापिक्सेलचा, त्यावर टू-के व्यवस्थित मिळतं. नावाचाच पत्ता नसेल तर दुकानदाराला चहा पाजून निघून या.

दुसरं, आत बॅटरी आहे की सुपरकपॅसिटर ते बघा. गाडी बंद केल्यावर शेवटची फाइल नीट मिटवून ठेवायला कॅमेऱ्याला काही सेकंद वीज लागते. ती साठवायला स्वस्त कॅमेऱ्यांत लिथियम बॅटरी घालतात. गाडी उन्हात काचा लावून उभी असली की काचेला चिकटलेला कॅमेरा भट्टीत बसल्यासारखा असतो. लिथियमला ते सोसत नाही. सुपरकपॅसिटर उष्णतेला सहसा दाद देत नाही. मात्र त्यात वीज अगदी थोडी मावते, त्यामुळे वायर काढून कॅमेरा हातात धरून शूटिंग करू म्हणाल तर जमणार नाही.

तिसरं, सेकंदाला तीस फ्रेम पुरे. स्क्रीन नसली तरी चालते. लेन सोडल्यावर, पुढची गाडी जवळ आल्यावर बोंब मारणाऱ्या सोयींसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. सिंहगड रोडवर संध्याकाळी साडेसहाला तो कॅमेरा इतका ओरडेल की तुम्हीच उपटून फेकाल.

घाटवाट
खटपट्या, मनापासून आभार. पण मॉडेलचं नाव सांगाल का? तेवढं एक सांगितलंत की मी मोकळा.

खटपट्या
तेच टाळतोय. नावं माहीत असायला हरकत नाही: सेव्हन्टीमाय, डीडीपाय, हीरो समूहाचा क्युबो, थोडं वरच्या किमतीत व्हायोफो. पण एकाच कंपनीच्या एका मॉडेलमध्ये बॅटरी असते, दुसऱ्यात सुपरकपॅसिटर. उदाहरणार्थ सेव्हन्टीमायचा ए५००एस, सेन्सर आयएमएक्स ३३५, आत जीपीएस, पण साठवण ५०० एमएएचच्या लिथियम बॅटरीची. व्हायोफोचा ए११९ व्ही३, सेन्सर तोच, पण आत सुपरकपॅसिटर. डीडीपायच्या मिनी ३ मध्ये तर ३२ जीबी मेमरी आतच बसवलेली, कार्डाची भानगडच नाही. पण मग ती मेमरी बदलता येत नाही, हेही आलंच. तेव्हा कंपनी बघून डोळे मिटून घेऊ नका, त्या-त्या मॉडेलचं तपशीलपत्रक वाचा.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, बॅटरीचं खटपट्यानं सांगितलं ते नागपूरवाल्यांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. मागच्या मे महिन्यात गाडी ऑफिससमोर दिवसभर उन्हात. संध्याकाळी दार उघडतो तर कॅमेरा खाली गिअरजवळ पडलेला, काचेला फक्त स्टँड लटकून होता. उचलून पाहिला तं मागचं झाकण पोट फुगल्यासारखं वर आलेलं. आतली बॅटरी फुगली होती. कंपनीचं नाव घेत नाही, आता ते मॉडेल मिळतबी नाही. पेटला नाही हे नशीब.

आमच्याकडे बाहेर ४५ असते तेव्हा बंद गाडीत साठीच्या वर सहज जाते, डॅशबोर्डवर तर हात टेकवत नाही. तेव्हापासून सुपरकपॅसिटरवाला घेतला, दोन उन्हाळे काढले त्यानं. अन् सक्शन कप घेऊ नका. उन्हात सुटतो. चिकटपट्टीवालाच घ्या.

कोकणकडा
चिकटपट्टीला अनुमोदन, पण लावायच्या आधी काच स्पिरिटने पुसा आणि चिकटवल्यावर लगेच कॅमेरा अडकवू नका, रात्रभर तशीच राहू द्या. आणि जागा! वायपर जिथपर्यंत पुसतो त्याच्या आत कॅमेऱ्याचा डोळा यायला हवा. मी पहिल्यांदा आरशाच्या मागे अगदी वर लावला होता. पावसाळ्यात कशेडी घाटातून येताना रेकॉर्डिंग बघितलं तर फक्त ओघळ. अर्धवर्तुळाच्या बाहेर राहिला होता. दोन बोटं खाली सरकवला, प्रश्न मिटला.

काचेला वरच्या बाजूला निळी-हिरवी पट्टी असेल तर तिच्याही खाली. फास्टॅगशी धक्काबुक्की होणार नाही हेही बघा.

वाकडा_प्रश्न
कशाला हे सगळं? तुम्ही कॅमेरा लावाल, क्लिप दाखवाल, समोरचा म्हणेल "बंद कर ते, पैसे काढ." आठ-दहा लोक जमले की कॅमेरा काय करणार? आणि पोलीस तरी कुठे बघतात? पाच हजारांत दरवाजा दुरुस्त होईल, वहिनींचं बरोबर आहे.

सुमेधा_ठाणे
वाकडा_प्रश्न, माझा अनुभव उलटा आहे. मी एकटी रोज ठाणे-नाशिक रस्त्याने भिवंडी बायपासपर्यंत जाते. मागच्या वर्षी सिग्नलला उभी असताना एक बाइकवाला मागून येऊन आदळला आणि लगेच आवाज चढवला की मी गाडी मागे घेतली. गर्दी त्याच्याच बाजूने, बाई चालवत होती म्हटल्यावर तर बघायलाच नको. मी काही बोलले नाही. काचेवरच्या कॅमेऱ्याकडे फक्त बोट दाखवलं आणि म्हटलं, चला, चौकीत बसून बघू. माझ्याकडे मागचा कॅमेरा नव्हताच! पुढच्यात एवढंच दिसलं असतं की माझी गाडी जागची हललेली नाही. पण तेवढंही दाखवावं लागलं नाही. तो गाडी सुरू करून निघून गेला.

एक मात्र खरं सांगते. रात्री चालत्या गाडीची नंबरप्लेट स्वस्त कॅमेऱ्यात वाचता येईल ही आशा सोडा. हेडलाइट पडला की प्लेट नुसता पांढरा चौकोन होते. महागड्यातही बऱ्याचदा तेच. मी एक युक्ती करते, कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवते आणि कुणी आडवं गेलं की नंबर मोठ्याने वाचते. "एमएच शून्य चार, पांढरी, डावीकडून." चित्रात नाही आला तरी आवाजात येतो. माझा मुलगाही आता मागच्या सीटवरून नंबर वाचतो, क्रिकेटची कॉमेंटरी करावी तसा.

रिव्हर्स_गिअर
सुमेधाताई, नंबर मोठ्याने वाचायची युक्ती जबरदस्त आहे. आजपासून सुरू.

टेम्पोवाला_नाही
माइक चालू ठेवला तर घरातली भांडणंही रेकॉर्ड होतील त्याचं काय?

सुमेधा_ठाणे
होतात. नऊ-दहा तासांनी आपोआप पुसली जातात, खऱ्या भांडणांपेक्षा बरं.

काळा_कोट
पुराव्याचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. डॅशकॅम लावायला आपल्याकडे कुठलीही बंदी नाही. पण क्लिप आहे म्हणजे पुरावा आहे असं समजून बसू नका. १ जुलै २०२४ पासून जुना पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झालाय. पूर्वीचं प्रसिद्ध कलम ६५ब आता कलम ६३ मध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे आता दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमतही लिहायची असते. म्हणजे फाइलचा बोटाचा ठसाच म्हणा, एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो.

या विषयातला महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आलाय, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल हरले. उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की नाही हा वाद, आणि त्याचा पुरावा म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रत देताय तर प्रमाणपत्र अनिवार्य. पण ज्या उपकरणावर मूळ रेकॉर्डिंग झालं तेच मालकाने कोर्टात हजर केलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? मोठा अपघात झाला, कुणाला इजा झाली, तर पहिल्या पाच मिनिटांत कॅमेऱ्याची वायर काढा, नाहीतर तो त्याच फाइलवर नवीन लिहीत सुटेल. कार्ड काढून पाकिटात घाला, वर तारीख-वेळ लिहा. बदली कार्ड गाडीत ठेवा. त्या कार्डावर काही कापाकापी करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप ही मूळ नव्हे. ती दाबून लहान केलेली असते, फाइलची मूळ माहितीही त्यात राहत नाही. ग्रुपवर टाकून वाहवा मिळवायची तर प्रत टाका, मूळ कार्डाला हात नको. पोलिसांनी कार्ड ताब्यात घेतलं तर पंचनाम्यात त्याचा उल्लेख आहे ना ते बघा.

मोटार अपघात न्यायाधिकरणात नुकसानभरपाईच्या दाव्यात चौकशी संक्षिप्त पद्धतीची असते, तिथे पुराव्याचे नियम इतके काटेकोर नसतात. आणि आरसा-दरवाज्याच्या भांडणात तर कोर्टापर्यंत कुणी जातच नाही. तिथे सुमेधाताईंचं बोटच कामाला येतं.

वाकडा_प्रश्न
वकीलसाहेब, म्हणजे मूळ कॅमेरा घेऊनच कोर्टात उभं राहायचं? काचेसकट?

काळा_कोट
काच राहू द्या, कार्ड आणि कॅमेरा पुरे.

इसारकाठ
म्युनिकहून लिहितोय. इथे उलटी तऱ्हा आहे. आपल्याकडे प्रश्न असतो पुरावा मानतील का, इथे प्रश्न होता की रस्त्यावरच्या लोकांचं चित्रण करायचा तुम्हाला अधिकार काय. कारण नसताना सतत रेकॉर्डिंग करत फिरणं हे माहिती-संरक्षणाच्या नियमांत बसत नाही. पण १५ मे २०१८ ला इथल्या संघराज्य न्यायालयाने निकाल दिला की अपघाताच्या दाव्यात डॅशकॅमचं चित्रण पुरावा म्हणून घेता येईल. मूळ भांडण माग्डेबुर्गमधलं, शेजारशेजारच्या दोन लेनमधून दोन गाड्या डावीकडे वळताना एकमेकींना घासल्या. कुणी लेन सोडली हाच प्रश्न. घाटवाट, तुमच्या टेम्पोचीच गोष्ट म्हणा ना.

त्यामुळे इथे थोड्या-थोड्या वेळाने पुसणारा आणि धक्का बसल्यावरच फाइल जपणारा कॅमेरा लावतात. शेजारी ऑस्ट्रियात नियम आणखी कडक, सीमा ओलांडताना मी काढून डिकीत टाकतो.

खटपट्या
रशियात मात्र घरटी डॅशकॅम. २०१३ च्या फेब्रुवारीत चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा जगाने ती बघितली ती गाड्यांच्या काचेवरच्या कॅमेऱ्यांतून. लोक सकाळी कामावर निघाले होते, एवढंच.

विषयांतर पुरे. कार्डाबद्दल कुणीतरी लिहा, मला कंटाळा आलाय.

रिव्हर्स_गिअर
मीच काडी टाकली होती, मीच लिहितो.

डॅशकॅम कार्डावर दिवसभर लिहीतच असतो. भरलं की सगळ्यात जुनी फाइल पुसून पुन्हा लिहितो. फोनचं कार्ड अशा रगड्यासाठी बनवलेलं नसतं, कित्येक साध्या कार्डांच्या वॉरंटीत हा वापर सरळ वगळलेला असतो. म्हणून हाय एन्ड्युरन्स असं लिहिलेलंच घ्या, सॅनडिस्क आणि सॅमसंग दोघांचीही येतात. किती जीबी? हिशेब करा. १०८०पी कॅमेरा सेकंदाला साधारण १५ मेगाबिट लिहितो असं धरलं तर तासाला पावणेसात जीबी झाले. ६४ जीबीत नऊ तासांच्या आसपास. रोज दीड तास गाडी चालवणाऱ्याला सहा दिवसांचं मागचं बघता येतं. पुष्कळ झालं.

आता माझी फजिती. मी ऑनलाइन १२८ जीबीचं एन्ड्युरन्स कार्ड अर्ध्या किमतीत घेतलं. खोकं अगदी खऱ्यासारखं. चार महिन्यांनी एकाने बंपर ठोकला, आनंदाने घरी येऊन कार्ड संगणकाला लावलं, तर शेवटची चालणारी फाइल तीन महिन्यांपूर्वीची. त्यानंतरच्या सगळ्या फाइली नावापुरत्या, उघडतच नाहीत. तपासलं तर खरी जागा १६ जीबी. कॅमेऱ्यावर लाल दिवा रोज लुकलुकत होता आणि मी रोज समाधानाने बघत होतो. आता नवीन कार्ड आणलं की आधी संगणकावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू चालवतो. ते पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. फुकट आहे. रात्री लावून झोपा.

आणि महिन्यातून एकदा कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, त्या निमित्ताने एक फाइल उघडून बघितली जाते.

वऱ्हाडी_ठेचा
धक्क्याच्या सेन्सरचंबी सांगून टाक. मी तो हाय वर ठेवला होता. आमच्या कॉलनीत स्पीडब्रेकर अकरा. कॅमेऱ्याच्या मते मी रोज अकरा वेळा अपघातात सापडतो. त्या सगळ्या फाइली कुलूप लावून ठेवल्या त्यानं, त्या आपोआप पुसल्या जात नाहीत. दोन आठवड्यांत कार्ड भरलं अन् रेकॉर्डिंग बंद. लो वर ठेवा, लोहारी ठोका बसेल तेव्हाच कुलूप लागलं पाहिजे.

घाटवाट
अरे बापरे, मी नुसतं मॉडेल विचारलं होतं. वाचतोय सगळं. आता वीज कुठून घ्यायची ते सांगा. वॅगनआरला पुढे एकच बारा व्होल्टचं सॉकेट आहे, त्यात फोनचा चार्जर असतो. दुकानदार म्हणतोय, वायर कापून थेट जोडून देतो, तीनशे रुपये. रात्री सोसायटीत पार्किंगवरही नजर राहील म्हणे.

फ्यूज_उडाला
थांबा. वायर कापू देऊ नका.

कुठलीही मूळ वायर सोलून तिच्यात जोड दिला की उद्या विजेचा काहीही दोष निघाला तरी सर्व्हिस सेंटरवाला त्या जोडाकडे बोट दाखवून मोकळा होतो. तुमच्या गाडीची वॉरंटी संपलीय, ठीक, पण आगीचा धोका संपत नाही. दोन सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे सॉकेटमध्ये चांगल्या प्रतीचा दोन तोंडांचा चार्जर, एकात फोन, एकात कॅमेरा. गाडी बंद, कॅमेरा बंद. तुमच्या बजेटमध्ये हाच.

दुसरा मार्ग हार्डवायर किट. त्याला तीन वायरी असतात. एक सतत चालू वीज, एक चावी फिरवल्यावर येणारी, एक अर्थिंग, जी बॉडीच्या बोल्टला जाते. पहिल्या दोन फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसणारा जोड) लावून घ्यायच्या, कुठेही कापाकापी नाही. टॅप घेताना आपल्या गाडीचा फ्यूज कुठल्या आकाराचा आहे ते आधी काढून बघा, मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी लोक हमखास उलटसुलट आणतात. एअरबॅग, एबीएस, इंजिन यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही.

पार्किंगवर नजर ठेवायचा हिशेब सांगतो. कॅमेरा चार वॅट खातो असं धरा. बारा व्होल्टवर एक तृतीयांश अँपिअर. चोवीस तासांत आठ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ ची. शुक्रवारी संध्याकाळी गाडी लावली आणि सोमवारी सकाळी काढली, तर वीसएक अँपिअर-तास कॅमेऱ्याने खाल्ले. मग जंपर केबल घेऊन शेजाऱ्याला उठवा. चांगल्या किटमध्ये व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की कॅमेरा तोडायची सोय असते, तो आकडा बारा-सव्वाबारापर्यंत ठेवा. पण जुन्या बॅटरीवर हा खेळ खेळूच नये. सोसायटीच्या गेटला सीसीटीव्ही आहे ना? झालं मग.

वायर छताच्या अस्तरात दाबून, खांबाच्या कडेने रबर बीडिंगखालून खाली आणा. हे तुमच्या गाडीत अर्ध्या तासाचं काम आहे. पण नवीन सहा एअरबॅगवाल्या गाडीत त्या खांबात पडद्याची एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून गेली तर फुगताना ती वायर, कॅमेरा सगळं तोंडावर भिरकावेल. तिथे वायर एअरबॅगच्या मागून न्यावी लागते, आणि ते ज्याला कळतं त्याच्याकडूनच करून घ्यावं. सहा एअरबॅगवाले वाचत असतील म्हणून लिहिलं.

कोकणकडा
वेळेचा घोळ राहिला. बहुतेक कॅमेरे चीनच्या वेळेवर येतात, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. माझ्या क्लिपवर संध्याकाळी सहाचा सूर्यप्रकाश आणि वेळ रात्रीचे साडेआठ! काळा कोट यांना विचारा अशा क्लिपचं कोर्टात काय होईल. पहिल्या दिवशी ॲपमध्ये जाऊन वेळ बरोबर करा. आणि ॲप जोडताना फोनचा मोबाइल डेटा बंद करा. कॅमेऱ्याच्या वायफायवर इंटरनेट नसतं म्हणून फोन मधेच ते सोडून देतो आणि आपण कॅमेऱ्याला शिव्या घालतो.

काळा_कोट
क्लिपचं काय होईल? समोरचा वकील आनंदाने उभा राहील.

टेम्पोवाला_नाही
मागचा कॅमेरा हवा की नको ते कुणी सांगितलंच नाही.

खटपट्या
पाच हजारांत नको. त्या किमतीत दोन घेतले की दोन्ही मध्यम निघतात, आणि मागची वायर डिकीच्या दाराच्या बिजागरात रोज चिमटते. पुढे एक चांगला लावा. मागून ठोकणाऱ्याचा प्रश्न बहुतेक वेळा तुमची गाडी जागची हलली नव्हती एवढं दिसलं की निम्मा सुटतो, वर सुमेधाताईंनी लिहिलंच आहे. कॅबवाल्यांची गोष्ट वेगळी, त्यांना आतला कॅमेरा हवाच.

घाटवाट (तीन आठवड्यांनंतर)
धागा वर काढतोय. घेतला.

नाव लिहीत नाही, कारण सहा महिन्यांनी हा धागा वाचणाऱ्याला ते मॉडेल मिळणार नाही आणि मग तो मला विचारत बसेल. १०८०पी, सोनीचा सेन्सर, सुपरकपॅसिटर, स्क्रीन नाही, जीपीएस नाही. ३,४५० रुपये. ६४ जीबीचं एन्ड्युरन्स कार्ड ९००, नाना पेठेतल्या दुकानातून बिलावर. घरी आणून रात्रभर तपासलं, खरं निघालं. दोन तोंडांचा चार्जर ४५०. वायर मीच बसवली, क्रेडिट कार्डाच्या कडेने अस्तरात दाबत गेलो. अर्ध्या तासाचं काम म्हणाला होतात, मला पावणेदोन तास लागले. एकूण ४,८००. उरलेल्या दोनशेची मिसळ.

वेळ खरंच अडीच तास पुढे होती. धक्क्याचा सेन्सर लो. पहिल्याच आठवड्यात नवले पुलाच्या उतारावर एका डंपरने चेपलं तेव्हा नंबर मोठ्याने वाचला. शेजारच्या सीटवर सासूबाई होत्या. त्यांना वाटलं मी जप करतोय.

आता खरी गोष्ट. काल रविवारी बायकोसोबत बसून आठवड्याभराच्या फाइली बघत होतो, रिव्हर्स_गिअर यांनी सांगितलं म्हणून. मी तिला दाखवत होतो, हा बघ कसा घुसला, हा बघ कसा आडवा आला. ती शांतपणे बघत होती. मग म्हणाली, "आवाज वाढव." वाढवला. "आता मागे घे, तू लेन बदललीस तिथून." घेतलं. "टिकटिक ऐकू येतेय?"

इंडिकेटरची टिकटिक. माइकमध्ये अगदी स्पष्ट येते, जिथे दिलाय तिथे. आम्ही मोजलं. आठवड्यात सापडले ते एकतीस लेनबदल, टिकटिक बारा वेळा.

मग तिने विचारलं, "टेम्पोच्या वेळी दिला होतास का?" मी म्हटलं, तेव्हा कॅमेरा नव्हता.

सुमेधा_ठाणे
हाहाहा. वहिनींना नमस्कार सांगा.

वाकडा_प्रश्न
मी आधीच म्हटलं होतं, दरवाजा दुरुस्त करा. झाला का?

घाटवाट
पुढच्या महिन्यात.

टेम्पोवाला_नाही
ॲक्टिव्हासाठी असा कॅमेरा येतो का? पावसात चालेल असा?

रिव्हर्स_गिअर
येतो, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे घाटवाटांना दरवाज्याचं बघू द्या.